लेकराचं वर्ष आणि लेकीचं

परभणी जिल्ह्यातलं गाव, तीन एकर कोरडवाहू, घरात पाच माणसं: आजी, आई-वडील, आठवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. 2023 च्या सप्टेंबरात मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. मुंबईतल्या ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, तिथे मी समाजसेवा विभागात काम करते. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मुलीला तिचा भाऊ 'ताई' म्हणतो, म्हणून इथे मीही तेच म्हणेन.

उपचारांची हकिगत डॉक्टरांच्या फाइलीत आहे आणि ती चांगली आहे. मला लिहायचंय ते वर्ष उलटल्यावर हे कुटुंब कोणाकोणाचे आभार मानायचे हे ठरवायला बसलं तेव्हा जे झालं त्याबद्दल. त्या दुपारी बाहेर आलेली गोष्ट आमच्या एकाही कागदावर नव्हती.

आजार आणि पैसा

2023 चा ऑगस्ट म्हणजे 1901 पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात आणि आभाळात ढग नाही. सगळ्या घराचं लक्ष वर, त्यामुळे पोराचा येऊन-जाऊन ताप आणि 'पाय दुखतेत' ही कुरकुर मागे पडली. टायफॉइड समजून गोळ्या झाल्या, सलाईनही झालं. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना पोरगं उघडंच बापाजवळ उभं होतं, तेव्हा त्याच्या पाठीवर आणि मांडीवर निळे-जांभळे डाग दिसले. दुसऱ्या दिवशी परभणीला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 5, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी 18 हजार, दोन्ही फारच कमी. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, मुंबईला हलवा, आजच.

गावाकडे कॅन्सर म्हटलं की लोक 'टाटाला न्या' म्हणतात. परळचं ते रुग्णालय 1941 पासून उभं आहे, इतक्या वर्षांत त्याचं नाव म्हणजेच इलाज असं होऊन बसलंय. खरं तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परभणीहून ते कितीतरी जवळ पडलं असतं. पण धास्तावलेला माणूस अंतर बघत नाही, ओळख बघतो. यांची ओळख म्हणजे मुंबईत भांडुपला राहणारे आत्याचे यजमान. आई, वडील आणि मुलगा देवगिरी एक्स्प्रेसने निघाले आणि दोन-तीन ठिकाणी विचारत विचारत आमच्याकडे पोचले. ताई आणि आजी मागे राहिल्या. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

लहान मुलांच्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच प्रकार, अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वेळेत आलं आणि उपचार पुरे केले तर बहुतेक मुलं बरी होतात. श्रीमंत देशांत दहातली नऊ. आपल्याकडे हा आकडा खाली येतो त्याची कारणं औषधात कमी आणि औषधाभोवती जास्त आहेत: उशिरा निदान, उपचारांच्या काळातले जंतुसंसर्ग, आणि मध्येच उपचार सोडून गावी परत जाणं. उपचार चालतात अडीच वर्षांच्या आसपास. पहिले सात-आठ महिने जड औषधांचे, मणक्यातून इंजेक्शनांचे, वरचेवर दाखल होण्याचे. या काळात रुग्णालयाजवळ राहावंच लागतं. नंतर घरी राहून रोजची गोळी, आठवड्याची गोळी आणि ठरलेल्या तारखेला तपासणी.

हे 'जवळ राहणं' मुंबईत कोणाला परवडतं? दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, 2006 पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत खोल्या देणारी सेंट ज्यूडची केंद्रं, आणि अशाच आणखी काही जागा आहेत म्हणून ते जमतं. या कुटुंबाला पहिले काही दिवस भांडुपच्या आत्याकडे काढावे लागले. लोकलच्या गर्दीत तोंडाला मास्क लावलेलं पोर कडेवर घेऊन आई यायची. मग एका निवास केंद्रात खोली मिळाली. उपचारांचा बराच खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, उरलेल्यासाठी ट्रस्टांकडे अर्ज केले. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं लागत नाही, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. त्या अर्जावर रुग्णालयाची सही लागते एवढंच. हे न कळल्यामुळे पहिल्या फेऱ्या पुऱ्या तिकिटावर करणारे लोक मला अजून भेटतात.

वडिलांनी शिवडीला एका बांधकामावर रात्रीची वॉचमनची नोकरी धरली. दिवसा रांगा, रात्री पहारा. झोप कधी घेता, असं विचारलं तर म्हणायचे, "बाकड्यावर बसलं की लागती आपोआप."

आईचं वर्ष वेगळं होतं. पहिल्या महिन्यात स्टेरॉइड चालू असताना पोराला राक्षसी भूक लागायची. रात्री अडीचला उठून पिठलं-भाकरी मागायचं, पाच मिनिटं उशीर झाला की भांडी फेकायचं, आणि खाऊन झालं की आईला बिलगून रडायचं. गाल फुगले, केस गेले. खोलीतल्या शेगडीशी आई अर्धवट झोपेत पिठलं घोटायची. शेजारच्या खोलीत बिहारमधली एक बाई होती. हिला हिंदी येईना, तिला मराठी. पण पांढऱ्या पेशी घसरल्या की काय उकळायचं, कोणतं फळ साल काढून द्यायचं, ताप 100.4 च्या वर गेला की रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, हे या माउलीला आमच्या पत्रकांपेक्षा त्या बाईने जास्त शिकवलं. पत्रक मीच लिहिलेलं आहे, तरी हे कबूल करायला हवं.

जानेवारीत एकदा पेशी पार घसरलेल्या असताना ताप चढला. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. मार्चमध्ये अस्थिमज्जेचा अहवाल स्वच्छ असल्याचं डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, आणि 2024 च्या जूनमध्ये आई पोराला घेऊन गावी गेली. नव्या वर्षात तो शाळेत बसला.

मागे राहिलेलं घर

भरती होताना आम्ही कुटुंबाची माहिती भरून घेतो. भावंडांसाठी त्यात दोन रकाने आहेत: संख्या आणि वय. आम्ही '1' आणि '13' लिहिलं. त्यापुढे ताई आमच्यासाठी फोनवरचा एक आवाज होती. वडील बोलताना मागून विचारायची, "पेशी किती आल्या?"

तिकडे काय चाललं होतं ते नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. आजीला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून चूल ताईकडे. पहाटे भाकरी, शेळ्यांचं बघून शाळा, शाळेतून आल्यावर पाणी. दिवाळीची सुटी कापूस वेचण्यात गेली. बाहेरच्या बायका लावायच्या तर वेचणीचे पैसे रोख द्यावे लागत. सहामाही परीक्षेचे दोन पेपर बुडाले. गणिताच्या सरांना ते लक्षात आलं. त्यांनी गाजावाजा न करता सकाळची हजेरी तिच्यापुरती अर्धा तास पुढे ढकलली आणि परीक्षेची फी स्वतः भरली.

तिची एक वही होती, दोनशे पानी. पुढून विज्ञान, मागून हिशेब. मी ती पाहिली आहे. निळ्या पेनाने, ओळ सोडून: 'मोठी काकू, ज्वारी 2 पायल्या.' 'दूध उधार, सोमवार ते शनिवार.' 'सोसायटीचे काका 1000, परत नको म्हणाले पण लिहून ठेवलं.' 'कापूस 2 क्विंटल 40 किलो, भाव 6800, पप्पांना फोनवर सांगितलं.' एका पानावर खाडाखोड आहे: 'शाळेची सहल 650' लिहून त्यावर आडवी रेघ. त्याखाली 'आजीच्या गोळ्या 210'.

इथे मला आमच्या धंद्यातल्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. 'घरच्यांनी फार धीराने घेतलं' असा शेरा आम्ही फाइलीवर सहज मारतो. तो धीर बहुतेक वेळा कोणीतरी एकाने पुरवलेला असतो आणि तो माणूस आमच्या समोर कधी आलेलाच नसतो. आई-वडील रुग्णालयात असतात, तिथे डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आमच्यासारखे लोक आहेत, शेजारच्या खोलीतली बाई आहे. मागे राहिलेल्या मुलाला यातलं काही नाही. त्याला फक्त बातम्या मिळतात, त्याही मोठ्यांनी चाळून दिलेल्या.

जूनमध्ये भाऊ घरी आल्यावर ताई त्याच्याशी फारशी बोलेना. अंगाला हात लावेना, त्याच्या ताटात वाढताना सुद्धा लांबून वाढायची. आईला वाटलं, रुसली आहे. सगळा लाड त्याचा, फळं त्याला, नवी चप्पल त्याला. आजी म्हणाली, पोरगी मोठी झाली की अशीच होते. नववीच्या पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली.

दिवाळीच्या सुटीतली बैठक

2024 च्या दिवाळीच्या सुटीत तपासणीची तारीख आली, तेव्हा या वेळी चौघंही आले. ताईने मुंबई पहिल्यांदा पाहिली. तपासणी झाली, पेशी बऱ्या होत्या, आणि वडील माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आमचा एक वाद तुम्ही मिटवा."

वाद गावजेवणाचा होता. आजीने औंढा नागनाथाला नवस बोलला होता: नातू घरी आला तर गावाला जेवू घालीन. वडिलांना तो फेडायचा होता, सगळ्या गावाने धरून ठेवलं, आता तोंड दाखवायला नको का? अंदाजे साठ हजारांचा खर्च. आईचं म्हणणं, आधी उसने फेडा. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत झालेल्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं, हाती आलं त्याला हमीभाव 4892 असताना बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. "गेल्या साली पाऊस नव्हता, औंदा नको तेवढा," वडील म्हणाले आणि हसले. त्यांचं हसू मला खोटं वाटलं नाही. ज्याने मुलाला अतिदक्षतेतून परत येताना पाहिलंय त्याला बुडालेलं सोयाबीन पूर्वीसारखं घाबरवत नाही. तरी पैसे ते पैसेच.

मी म्हटलं, आभार कोणाचे मानायचेत ते आधी काढू, जेवणाचं मग बघू. प्रत्येकाने आपापली नावं सांगायची आणि त्या माणसाने नेमकं काय केलं तेही सांगायचं. नुसतं 'सगळ्यांनी खूप केलं' चालणार नाही. ही माझी जुनी सवय आहे. मोघम आभार लवकर उडून जातात.

आईने पहिलं नाव बिहारच्या त्या बाईचं घेतलं. तिचा मुलगा वाचला नाही, हे सांगताना तिचा आवाज बसला. वडिलांनी बांधकामावरच्या मुकादमाचं नाव घेतलं. अतिदक्षतेच्या चार रात्री त्याने हजेरी मांडली आणि पहारा स्वतः केला. पोराने दोन नावं सांगितली: सुई टोचताना गोष्ट सांगणाऱ्या सिस्टर, आणि वॉर्डातले मामा, जे त्याला व्हीलचेअरवर 'एसटी' खेळू द्यायचे. मग वडिलांनी पिशवीतून ताईची वही काढली आणि मागची पानं वाचायला लागले. बत्तीस नावं निघाली. ज्वारीच्या पायल्या, दुधाचे लिटर, फवारणीला एक दिवस आलेला चुलतभाऊ, सगळं.

वाचून झाल्यावर आईच म्हणाली, "आन् हिचं नाव कुठंय? समदं हिनंच केलं की."

ताई खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "हो, मीच केलं."

आईला वाटलं, टोमणा आहे. ती समजूत काढायला लागली, बाई, आम्हाला कळतं गं, तुझी शाळा बुडाली. ताईने मान हलवली. "तसं नाही. मीच ढकललं होतं त्याला. गंजीवरून."

पोळ्याच्या आठवडाभर आधी दोघं कडब्याच्या गंजीवर खेळत होती. भांडण झालं, तिने ढकललं, तो पाठीवर पडला. मग डाग उठले. मग मुंबई. आजी केव्हातरी रागाच्या भरात बोलून गेली होती, "ढकललंस ना त्याला, आता बघ." एक वर्षाहून जास्त काळ ही पोर चूल पेटवत, कापूस वेचत, हिशेब लिहीत होती, ते तिच्या लेखी फेड म्हणून चाललं होतं. भावाला हात न लावणं हा रुसवा नव्हता, पुन्हा काही होईल याची भीती होती.

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. बालकर्करोग विभागातल्या या बाई कमी बोलतात. त्यांनी कागद घेतला, हाडाच्या आत रक्त कुठे तयार होतं ते काढून दाखवलं आणि ताईला सांगितलं: हा आजार पडल्याने होत नाही, मारल्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. तू ढकललंस तेव्हा तो आधीच आजारी होता. प्लेटलेट कमी झाल्या होत्या म्हणून साध्या पडण्यानेही डाग उठले. ते डाग उठले म्हणून वडिलांनी तपासायला नेलं, नाहीतर आणखी उशीर झाला असता.

ताईने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाली, "हे आजीला सांगा."

डॉक्टरांनी तिथूनच गावी फोन लावला आणि सगळं पुन्हा सांगितलं, स्पीकरवर. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आजी म्हणाली, "मी कवा म्हणलं असं? मला तं आठवत बी नाही." आणि लगेच, "पोरीला द्या फोन." ताई फोन घेऊन बाहेर गेली. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आजारी मुलांच्या भावंडांनी असा दोष स्वतःकडे घेणं दुर्मीळ नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ते माहीत असतं. तरीही ते विचारण्याची जागा आमच्या अर्जात नव्हती. आता आम्ही भरतीच्या वेळीच विचारतो: घरी कोण राहिलंय, त्याला आजाराबद्दल काय सांगितलंय, आणि त्याला काय वाटतंय की हे कशामुळे झालं. शेवटचा प्रश्न शक्यतो त्या मुलाला थेट फोनवर. पाच मिनिटं लागतात.

पुढे काय ठरलं

साठ हजारांचं गावजेवण रद्द झालं. आजीने आधी तोंड फिरवलं, मग तिनेच तोड काढली: औंढ्याला जाऊन अभिषेक, आणि घरी एका संध्याकाळी वहीतल्या बत्तीस घरांना जेवण. पुरी-भाजी आणि शिरा. ताईची एकच अट होती, त्या दिवशी आपण लाटणं हातात घेणार नाही. तिने ती पाळली. पंगतीत गणिताच्या सरांशेजारी बसून जेवली, आणि भावाला वाढायला लावलं.

उसने फेडायचा क्रमही वहीतूनच लागला. आधी ज्यांच्या घरी लग्न किंवा दुखणं होतं ते, मग दूध, मग किराणा. आईच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे जे हप्ते येतात त्यातून किराण्याची उधारी सुटत गेली. सोसायटीच्या काकांनी हजार रुपये खरोखरच घेतले नाहीत. त्या पैशांत ताईची या वर्षीची सहल झाली, वेरूळ आणि देवगिरीचा किल्ला.

बिहारच्या बाईचा फोन नंबर आईकडे होता, पण तो लागत नाही. ते एक नाव राहून गेलं आहे.

मुलाची रोजची गोळी अजून काही महिने चालेल. आजार उलटण्याची शक्यता कमी होत जाते, शून्य होत नाही, आणि हे आई-वडिलांना नीट माहीत आहे. आई मला 'बरा झाला का?' असं कधी विचारत नाही; पुढची तारीख कोणती आणि गोळ्या तोवर पुरतील का, एवढंच विचारते. या दोन प्रश्नांत मला जितकी आशा दिसते तितकी मोठमोठ्या धीराच्या गोष्टींत दिसत नाही. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या की त्याला घरी ठेवायचं, हे काम ताईने घेतलंय. त्याच्या बाईंना ती दर सोमवारी विचारून येते. आता हात लावते, गरज पडली तर धपाटाही घालते.

ती यंदा दहावीला आहे. घरात नवा वाद सुरू झालाय आणि तोही माझ्याकडे आला आहे. वडील, आजी आणि अख्खा गाव म्हणतो, एवढं सगळं निभावलं, हिने नर्सच व्हावं. ताईला रुग्णालय नावाची गोष्ट पुन्हा बघायची नाही. तिला परभणीला आयटीआय करायचंय, इलेक्ट्रिशियनचं. गावात मोटारी जळतात आणि दुरुस्तीला माणूस जिंतूरहून यायला दोन दिवस लागतात, हा तिचा हिशेब. या वेळी मी कोणाच्या बाजूने आहे ते मी वडिलांना फोनवर स्पष्ट सांगितलं आहे. ते म्हणाले, बघू, निकाल तर लागू द्या.